घरात तिघं शर्यतीला उतरणार असाल, तर सायकलचा हंगाम असा आखा

प्रश्न मुलुंडच्या एका आईचा आहे. वय ४२, दोन वर्षांपासून त्या स्वतः मास्टर्स म्हणजे मोठ्या वयाच्या गटात रस्त्यावरच्या शर्यती करतात. मुलगी साडेतेरा वर्षांची, मुलगा अकराचा, आणि दोघांनाही या हिवाळ्यात शर्यतीत उतरायचं आहे. मुलांचे बाबा सायकल चालवत नाहीत, पण पहाटे उठून गाडी काढायची त्यांची तयारी आहे. तिघांचा सराव, सायकली आणि शर्यती एका घरात कशा बसवायच्या, असं त्यांनी विचारलं आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट ठरवून टाका, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे: एका रविवारी घरातल्या एकाचीच शर्यत. त्या दिवशी उरलेले दोघं मदतनीस. तिघांचे गट एकाच दिवशी असले, तरी खरी शर्यत एकाचीच धरायची आणि तसं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाव लिहून ठेवायचं. लहान गट सहसा आधी सुटतात. मुलाची सुटण्याची वेळ सात आणि तुमची साडेसात असेल, तर तुमचा वॉर्मअप होत नाही आणि त्याच्या सायकलकडेही कुणाचं नीट लक्ष राहत नाही. मागच्या चाकाचं क्विक रिलीज (चाक अडकवायचा खटका) अर्धवट बंद राहणं, ब्रेक पॅड रिमला घासत राहणं, जर्सीवरचा नंबर उलट्या बाजूला लागणं, या चुका बहुतेक वेळा अशाच सकाळी होतात. प्रशिक्षक, मेकॅनिक, आई आणि स्पर्धक ही चारही कामं एकाच तासात कुणालाच झेपत नाहीत.

हे मान्य केलंत की हंगामाचा आकार आपोआप ठरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत मुलीच्या चार शर्यती, मुलाच्या दोन, तुमच्या दोन, एवढं पुरेसं आहे. यापेक्षा जास्त नावं देऊ नका. तुमच्या दोन शर्यती मात्र आधीच पक्क्या करा आणि मुलांसमोर बोलून दाखवा, नाहीतर डिसेंबर येईपर्यंत त्या गळून पडतात आणि त्याची खंत सगळ्या घराला जाणवते. सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधी असते, म्हणून ऑक्टोबरात शर्यत नको. दिवाळीची सुट्टी हा मुलांच्या सरावाचा सर्वांत चांगला काळ. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, त्या दिवशी दक्षिण मुंबईकडे सायकली घेऊन जायचं मनातही आणू नका.

वयोगटांचा घोळ आधी समजून घ्या. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात; सायकलिंग संघटनेच्या स्पर्धांत १४, १६ आणि १८. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे स्पर्धेच्या परिपत्रकात लिहिलेलं असतं आणि ते दरवेळी वाचायचं. तुमची मुलगी साडेतेराची आहे, म्हणजे हंगाम संपता संपता एका ठिकाणी ती चौदाखालच्या गटात आणि दुसरीकडे वरच्या गटात गेलेली असू शकते. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि शाळेचं बोनाफाईड यांची मूळ प्रत व दोन झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या कप्प्यात ठेवा. मोबाईलमधला फोटो नोंदणीच्या टेबलावर चालेलच असं नाही. मुलाचं तर अकरावं वर्ष आहे, आणि चौदाखालच्या गटात त्याच्या शेजारी तेरा वर्षांची, मिसरूड फुटू लागलेली मुलं असतील. त्याला क्रमांकाचं लक्ष्य देऊच नका. ‘पहिल्या वळणापर्यंत घोळक्यात राहायचं’ किंवा ‘शेवटचा किलोमीटर सर्वांत वेगाने मारायचा’ असं त्याच्या हातातलं एकच काम द्या.

आता सायकल. पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा: योग्य मापाची फ्रेम, चांगले टायर, हेल्मेट, मग बूट आणि पॅडल. कार्बनची फ्रेम सर्वांत शेवटी, आणि या वयात नाही घेतली तरी काही बिघडत नाही. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून शाळेचा गणवेश घेतात तशी सायकल घेऊ नका. मोठ्या फ्रेमवर मुलाचे हात ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि वळणावर त्याला घाबरायला होतं. उंची साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर झाल्याशिवाय ७०० सीची (मोठ्यांच्या मापाच्या चाकांची) सर्वांत लहान रोड सायकलही नीट बसत नाही. तोवर २४ इंची बरी. सीटची उंची काढायची सोपी रीत अशी: मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, पायांच्या मध्ये एक जाड वही घट्ट वर ओढा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. ६८ सेंटीमीटर आलं तर क्रँकच्या (पॅडलचा दांडा ज्यावर फिरतो त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंत ६० सेंटीमीटर. मग टाच पॅडलवर ठेवून, पॅडल खाली असताना गुडघा जेमतेम सरळ होतोय ना आणि कंबर एका बाजूला झुकत नाहीये ना, ते मागून बघा. हे दर महिन्याच्या एक तारखेला करा, कारण या वयात सहा आठवड्यांत सीट खुजी पडते आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागतो.

ब्रेकच्या लिव्हरकडे बहुतेक पालकांचं लक्षच जात नाही. मुलाला ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, हात ठेवायला सांगा आणि तर्जनीच्या पहिल्या पेरात लिव्हर येते का ते पाहा. बोटांच्या टोकानेच ती ओढली जात असेल तर उतारावर त्याच्याकडे ब्रेक नाही असंच समजा. बहुतेक लिव्हरमध्ये हे अंतर कमी करायचा एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणा आणि त्यानंतर केबलचा ताण पुन्हा लावा. हा दुसरा भाग विसरला की लिव्हर हँडलला टेकते आणि चाक फिरतच राहतं.

टायरमध्ये हवा दाबून भरायची आपल्याकडे सवय आहे. ३८ किलोच्या मुलाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६० ते ६५ पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा) पुरते. शंभर भरली तर काँक्रीटच्या सांध्यांवर सायकल उडते आणि वळणावर घसरते. तुम्हाला तुमच्या वजनाप्रमाणे ७५ ते ८५ लागेल. घरात एकच पंप असला तरी तिघांचे आकडे वेगवेगळे आहेत, ते पंपाच्या नळीवर चिकटपट्टीने लिहून टाका.

गिअरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलांचे गुडघे इथेच बिघडतात. अकरा-बारा वर्षांचं मूल मोठ्या गिअरवर जोर लावून मिनिटाला ६० फेऱ्यांनी पॅडल मारतं, कारण ‘मोठा गिअर म्हणजे वेग’ असं त्याला वाटतं. ३४ दात्यांची पुढची चक्री आणि मागे १५, अशी जोडी ७०० सीच्या चाकावर ९० फेऱ्यांनी फिरवली तर ताशी पंचवीसच्या पुढे वेग येतो. अकराच्या मुलाला सरावात यापेक्षा जास्त लागत नाही. जागतिक सायकलिंग संघटनेने ज्युनिअर गटातली ७.९३ मीटरची गिअर मर्यादा (पॅडलच्या एका फेरीत सायकल जास्तीत जास्त किती पुढे जावी याची) २०२३ पासून काढून टाकली, पण लहान गटांत एखाद्या आयोजकाने मर्यादा घातली असेल तर ती परिपत्रकात दिसेल. घरी मोजायचं असेल तर सर्वांत जड गिअर टाका, एक पॅडल सरळ खाली आणा, जमिनीवर खडूने रेघ मारा आणि पॅडलची एक पूर्ण फेरी होईपर्यंत सायकल मागे ढकला. दोन रेघांमधलं अंतर हाच तो आकडा.

हा आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला आणि म्हणून सर्वांत लहान मागची चक्री बंद करायची असेल, तर कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बदलायची गरज नाही. मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) दोन स्क्रू असतात. ज्याच्याजवळ ‘एच’ लिहिलेलं असतं तो आत आवळत नेला की चेन शेवटच्या चक्रीवर उतरतच नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि मग ‘गिअर नीट पडत नाहीत’ म्हणून दुकानात जातात. होतं असं, की शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) अजूनही त्या बंद चक्रीसाठी एक क्लिक सोडतो, केबल सैल लोंबते, आणि पुढच्या चक्रीवर जायला दोनदा दाबावं लागतं. म्हणून शिफ्टर पूर्ण सोडलेल्या स्थितीत न्या, चेन आता दुसऱ्या चक्रीवर उभी असेल, तिथेच केबलचा बोल्ट सोडून केबल ताणून पुन्हा आवळा. आता प्रत्येक क्लिक एक चक्री पुढे सरकली. त्यामुळे शिफ्टरचा शेवटचा क्लिक मोठ्या चक्रीच्याही पलीकडे, स्पोककडे ढकलायला बघतो. त्याला फक्त दुसरा, ‘एल’चा स्क्रू थांबवतो. तो तपासल्याशिवाय सायकल मुलाच्या हातात देऊ नका. सायकल स्टँडवर घ्या, हाताने पॅडल फिरवा, सर्वांत मोठ्या चक्रीवर चेन असताना शिफ्टर जोरात दाबून धरा. डिरेलर जागचा हलला नाही पाहिजे.

पायाला अडकणारी पॅडल मुलीला चालतील, मुलाला अजून सपाटच राहू द्या. मुलीसाठी दोन बोल्टची, बुटाच्या तळात बुडालेली क्लीट (बूट पॅडलमध्ये अडकवणारी पट्टी) घ्या. शिमानोची एसएच ५६ कोणत्याही दिशेला झटका दिला तरी सुटते. पॅडलचा ताण सर्वांत सैल ठेवा. सिग्नलला थांबताना पाय न सुटणं ही पहिल्या महिन्यातली ठरलेली पडझड आहे. म्हणून आधी सोसायटीच्या गवतावर पन्नास वेळा अडकवायचं आणि सोडवायचं, मग रस्ता.

सराव कुठे करायचा? मुंबईत व्हेलोड्रोम (सायकल शर्यतीचा खास ट्रॅक) नाही, त्यासाठी पुण्याला बालेवाडी गाठावी लागते. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू सायकलला बंद आहेत, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही. मुलुंडहून तुमच्याकडे दोन चांगले पर्याय आहेत: ऐरोली पूल ओलांडून वाशी आणि पाम बीच रोड, किंवा ठाण्याचं येऊर. पाम बीच सरळ आणि सपाट, म्हणून टाइम ट्रायलच्या (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या) सरावाला उत्तम. पण तिथे रविवारी पहाटे काही गाड्या अफाट वेगात असतात, त्यामुळे उजाडल्यावरच जा आणि साडेआठला उरका. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून असतो आणि ऊन चढलं की समुद्राकडून उलटतो, म्हणून दोन आठवड्यांच्या वेळा ताडून बघायच्या असतील तर निघायची वेळ तीच ठेवा. येऊर चढासाठी. ते राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा अंधारात मुलांना घेऊन जायचं नाही, आणि उतरताना शर्यत नाही.

रस्त्यावर तिघांची रांग अशी: मुलगी पुढे, मुलगा मध्ये, तुम्ही मागे आणि त्यांच्यापेक्षा हातभर उजवीकडे. मागून येणारं वाहन तुम्हाला बघून बाजूला होतं आणि मुलांना आपसूक जागा मिळते. मुलगी वेग वाढवत सुटेल, म्हणून तिला एक नियम द्या: प्रत्येक बसस्टॉपला एकदा मागे वळून बघायचं आणि भाऊ दोन सायकलींपेक्षा लांब असेल तर पॅडल थांबवायचं. मागे वळून बघताना सायकल सरळ ठेवणं हे शर्यतीतलंही कौशल्य आहे, ते इथेच फुकटात शिकून होतं. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ‘खड्डा डावीकडे’ असं ओरडायचंही, कारण मुलाला मधून रस्ता दिसत नाही.

खरी कमाई मात्र बंद जागेत होते, आणि मुलाच्या सरावाचा अर्धा वेळ तिथेच गेला पाहिजे. शनिवारी सकाळी सोसायटीचं रिकामं पार्किंग किंवा मैदान पकडा. पाण्याच्या आठ बाटल्या दीड-दीड मीटरवर मांडून त्यांच्यामधून नागमोडी जाणं. चालत्या सायकलवरून जमिनीवरची बाटली उचलणं. गवतावर दोघांनी शेजारी चालवत खांद्याला खांदा घासणं. आधी चालण्याच्या वेगाने, मग थोडं जास्त. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने येऊन खडूच्या रेघेवर थांबणं. शेवटच्या सरावात शरीर मागे, हात सैल, दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढच्याचा जोर हळूहळू वाढवत नेणं शिकवा. मुलं घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबतात, चाक लॉक होतं आणि सायकल आडवी जाते. घोळक्यातल्या बऱ्याच पडझडींचं मूळ हेच: पुढच्याने घाबरून ब्रेक मारला आणि मागच्याला खांदा घासायची सवय नव्हती.

आठवड्याचा हिशेब. मुलांच्या खेळासाठी एक जुना, साधा नियम आहे: आठवड्याचे एकूण सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत. शाळेतला पीटीचा तास, खो-खो, पोहणं, सगळं त्यात धरायचं. सायकलचे त्यातले मुलाला तीन-साडेतीन तास बस; उरलेल्या वेळात त्याला दुसरा एखादा खेळ खेळू द्याच. मुलीला पाच ते सहा तास, चार दिवसांत: एक दिवस दहा-दहा सेकंदांचे सहा स्प्रिंट, मध्ये पूर्ण विश्रांती, एक दिवस पाच मिनिटांचे तीन तुकडे, तीन-चार शब्द बोलता येतील एवढ्याच दमाने, शनिवारी कौशल्य, रविवारी सगळ्यांची लांब फेरी. पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर मोजणारं यंत्र) नको. तुमचा जोराचा सराव मंगळवारी-गुरुवारी पहाटे ट्रेनरवर (सायकल घरात जागेवरच चालवायचा स्टँड) उरका. रविवारची फेरी तुमच्यासाठी हलकीच राहणार, हे आधीच धरून चला. मुलांच्या फेरीत स्वतःचे इंटरव्हल (जोराचे तुकडे) घुसवले की मूल मागे एकटं पडतं आणि दोघांचाही सराव बिघडतो. फ्लॅटमध्ये ट्रेनर लावताना खाली जाड रबरी मॅट टाका, खालच्या मजल्यावरच्यांना आवाजापेक्षा कंप जास्त त्रास देतो. पंखा समोरून हवाच. मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, आणि तोच घाम हेडसेटवर (हँडल जिथे फिरतं तो सांधा) ठिबकून बोल्ट गंजवतो. जुना टॉवेल हँडलवर आडवा टाका.

दोन तब्येतीच्या गोष्टी लक्षात ठेवाच. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल, तर ते वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं असू शकतं. चढ आणि स्प्रिंट थांबवा, सीट तपासा, आणि दोन आठवड्यांत उतरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलीची पाळी सुरू झाली असेल आणि सराव वाढल्यावर सलग तीन महिने आली नाही, तर ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं, वाट न बघता डॉक्टरांकडे जा. हंगामाआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, शाकाहारी घर असेल तर बी-१२ सुद्धा.

शर्यतीच्या दिवशी खाणं सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी: कमी तेलाचे पोहे, किंवा गूळ-तूप-पोळी आणि केळं. साबुदाण्याची खिचडी तेव्हा नको, पोटात दगडासारखी बसते. साडेसातला सुटायचं असेल तर साडेचारला मूल खाणार नाही. मग रात्रीचं जेवण भरपेट आणि सकाळी एक केळं, दोन खजूर, अर्धा ग्लास दूध, एवढं दीड तास आधी. तासापेक्षा छोट्या शर्यतीत पाणी पुरतं. लांब फेरीला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, आणि पुढच्या वेळी किती बाटल्या न्यायच्या ते तुम्हाला कळतं.

नंबर आदल्या रात्री लावा. नंबर आदल्या दिवशी मिळणार नसेल तर निदान पिना मोजून ठेवा: एका नंबराला आठ, प्रत्येक कोपऱ्याला एक आणि प्रत्येक बाजूच्या मध्ये एक. जर्सी मुलाच्या अंगात घालून, त्याला सायकलवर वाकायला सांगून मगच पिना लावायच्या. उभा असताना लावलेला नंबर वाकल्यावर फुगतो, फडफडतो आणि पंचांना वाचता येत नाही. बाबांना शर्यतीच्या सकाळी एकच यादी द्या आणि ती मोठ्याने वाचत करायला सांगा: दोन्ही क्विक रिलीज, ब्रेक घासतो का, हवा, सुटण्याचा हलका गिअर, हेल्मेटचा पट्टा, नंबर. वॉर्मअप वीस मिनिटं, शेवटी तीन छोटे जोर, आणि सुटण्याआधी आठ-दहा मिनिटं संपवून सावलीत.

शर्यत चालू झाल्यावर तुमचं काम संपलं. स्कूटरवरून किंवा गाडीतून मुलामागे जाणं, शेजारी धावत ढकलणं, स्वतः सायकलवर असताना मुलीला आपल्या मागे वाऱ्याआड घेणं, हे सगळं बाहेरची मदत धरलं जातं आणि पंच मुलाला किंवा मुलीला बाद करू शकतात. तुम्ही त्या रस्त्यावर सायकलवर असणार असाल तर हे मुलीला आधीच सांगा, नाहीतर ती आई दिसली म्हणून आपण होऊन मागे चिकटेल. चेन पडली तर काय, हेही घरीच शिकवा: पॅडल हलकं फिरवत पुढच्या शिफ्टरने मोठ्या चक्रीकडे ढकलायचं, नाही चढली तर हात वर करून डावीकडे थांबायचं. घोळक्यात वाकून हाताने चेन चढवायला जायचं नाही.

पडल्यावर डोक्याला मार लागला असेल, तर ते मूल त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसत नाही, ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी. उलटी, झोपाळलेपण, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर थेट रुग्णालय. ते हेल्मेट फेकून द्या, बाहेरून धड दिसत असलं तरी. खरचटलेल्या जागेवर हळद किंवा टूथपेस्ट नको. वाहत्या पाण्याने आणि साबणाने वाळू निघेपर्यंत धुवा, आणि धनुर्वाताची लस कधी झाली होती ते डॉक्टरांना सांगा.

मार्चमध्ये परीक्षा लागतात, तेव्हा सायकल बंद करा आणि दोन महिने मुलांना हवं ते खेळू द्या. जूनच्या सुरुवातीला मुलीची सायकल मुलाला उतरवायचा विचार असेल तर आधी तिची उंची मोजा, तिला खरंच लहान झालीय का ते बघा. सायकल देताना सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून फ्रेम उलटी करा, आत साचलेलं पाणी निघेल. सीटपोस्टला ग्रीस लावून परत घाला, खारट हवेत तो फ्रेमला चिकटून बसतो आणि पुढच्या वर्षी निघत नाही. चेन झिजली असेल तर कॅसेट खराब व्हायच्या आत बदला. केबल नव्या घाला. ‘एच’चा स्क्रू उघडलेला असेल तर पुन्हा बंद करा, आणि ब्रेकची लिव्हर नव्या, लहान हाताच्या मापाने पुन्हा जवळ आणा.